साम्य म्हणजे ओळख नव्हे

जॉन ऑअर या अमेरिकी डॉक्टराने तीव्र ल्युकेमियाच्या एका रुग्णाच्या रक्तात काही नवे पाहिले. मोठाल्या पांढऱ्या पेशींच्या आत बारीक काड्यांसारख्या रचना दिसत होत्या. त्याने त्या काळजीपूर्वक टिपल्या आणि १९०६ साली प्रसिद्ध केल्या. आज जगभरचे पॅथॉलॉजिस्ट त्यांना ‘ऑअर रॉड’ म्हणतात. ब्लास्ट म्हणजे अगदी कोवळ्या रक्तपेशीत अशी काडी दिसली की ती पेशी मायलॉइड कुळातली, लिम्फॉइड नाही, हा धडा प्रत्येक विद्यार्थ्याला मिळतो. पण खुद्द ऑअरने आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकात त्या पेशींना ‘मोठे लिम्फोसाइट’ म्हटले होते. जी खूण पुढे लिम्फॉइड कूळ नाकारण्याचा पुरावा ठरली, ती पहिल्यांदा नोंदली गेली लिम्फोसाइटच्या नावावर. त्याच्या निरीक्षणात खोट नव्हती. त्या काळी अशा अपरिपक्व पेशींना सर्रास लिम्फोसाइटच म्हणत. डोळ्याने जे पाहिले ते खरे होते. त्या पेशीचे कूळ मात्र डोळ्याला दिसण्यासारखे नव्हते.

पेशी कशासारखी दिसते आणि ती मुळात कोणती आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर सूक्ष्मदर्शक देतो. दुसऱ्याचे उत्तर तो कधी देतो, कधी देत नाही, आणि कधी चुकीचे उत्तर पूर्ण खात्रीने देतो. म्हणून माझे म्हणणे असे, की स्लाइडवर दिसणारे रूप हा पहिला आणि अनमोल पुरावा मानावा, पण त्याला निकालाचा दर्जा देऊ नये. बाकीचे पुरावे त्याच्याशी जुळत नसतील, तर ती विसंगती दडपण्यासारखी दुसरी महागडी चूक रक्ताच्या कर्करोगाच्या निदानात नाही.

आधी डोळ्याचे देणे मान्य करायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाउल एर्लिखने रंगद्रव्ये वापरून रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे करून दाखवले. आपल्याकडच्या असंख्य प्रयोगशाळांत आजही वापरला जाणारा लेशमनचा रंग १९०१ सालचा आहे. तो तयार करणारे विल्यम लेशमन हे ब्रिटिश लष्करी डॉक्टर काही वर्षे भारतात नोकरीला होते. काचेवर रक्ताचा पातळ थर ओढायचा, रंग घालायचा, धुवायचा, वाळवायचा, की थोड्याच वेळात रुग्णाच्या हाडांच्या पोकळीत काय चालले आहे याचा अंदाज येऊ लागतो. इतक्या स्वस्तात आणि इतक्या झटपट एवढी माहिती देणाऱ्या तपासण्या वैद्यकात फार थोड्या आहेत.

या रूपावर आधारलेली मोठी व्यवस्था १९७६ साली उभी राहिली. फ्रान्स, अमेरिका आणि ब्रिटनमधल्या सात रक्तविकारतज्ज्ञांनी तीव्र ल्युकेमियाचे वर्गीकरण मांडले. तिन्ही देशांच्या आद्याक्षरांवरून ते ‘एफएबी’ म्हणून ओळखले गेले. तोवर एकाच रोगाला वेगवेगळ्या रुग्णालयांत वेगवेगळी नावे होती. या वर्गीकरणाने डॉक्टरांना एक समान भाषा दिली. मात्र तिचा पाया प्रामुख्याने रूपाचाच होता. लिम्फॉइड ल्युकेमियाचे एल-१ आणि एल-२ हे दोन प्रकार पेशींचा आकार आणि केंद्रकाची ठेवण पाहून पाडले होते. पुढे पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिने आणि गुणसूत्रे तपासता येऊ लागली, तेव्हा या भेदामागे रोगाचा खरा भेद नाही असे आढळले. २००१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातून ते दोन प्रकार गेले. अनेक वर्षे अहवालांत लिहिलेला हा फरक दिसत होता, पण रोगाच्या मुळाशी त्याला अर्थ नव्हता.

असे का होते? पेशी प्रौढ होत जाते तशा तिच्या खुणा उमटत जातात: कण दिसू लागतात, केंद्रकाला खाचा पडतात, भोवतालच्या द्रवाचा रंग बदलतो. पेशी जितकी कोवळी, तितक्या या खुणा कमी. तीव्र ल्युकेमिया हा कोवळ्या पेशींचा रोग आहे. म्हणजे उपचाराचा निर्णय जिथे सर्वांत तातडीचा, नेमक्या तिथेच डोळ्याला आधार सर्वांत कमी. हा पाहणाऱ्याच्या कौशल्याचा दोष नाही. पाहण्याच्या साधनाची ती मर्यादा आहे.

ही मर्यादा जीवघेणी कशी ठरू शकते, हे अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाच्या कहाणीत स्पष्ट दिसते. १९५७ साली नॉर्वेच्या लाइफ हिलेस्टाड यांनी तीन रुग्णांवरून या रोगाचे वर्णन केले. भयंकर रक्तस्राव आणि काही आठवड्यांत मृत्यू, असा त्याचा प्रवास होता. १९७७ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगात १५ आणि १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदलतात हे दाखवले. १९८५ पासून शांघायमध्ये वांग झेन्यी यांनी जीवनसत्त्व ‘अ’च्या कुळातले एक औषध या रुग्णांना देऊन पाहिले. डॉक्टर त्याला ‘एट्रा’ म्हणतात. १९८८ च्या त्यांच्या अहवालात २४ रुग्णांपैकी २३ जणांचा रोग केवळ या औषधाने ओसरला होता. ते कर्कपेशींना मारत नाही, त्यांना प्रौढ व्हायला लावते. चीनमधल्याच हार्बिनच्या डॉक्टरांनी आर्सेनिकचा उपयोग दाखवला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केवळ आर्सेनिकवर उपचार झालेल्या ७२ रुग्णांपैकी सुमारे ८६ टक्के रुग्णांत रोग पूर्ण ओसरला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत कमी आणि मध्यम धोक्याच्या रुग्णांना एट्रा व आर्सेनिक एकत्र दिले गेले, आणि दोन वर्षांनंतर त्यांच्यातले सुमारे ९७ टक्के कोणत्याही अनिष्ट घटनेविना होते. काही आठवड्यांत माणूस नेणारा रोग आज बऱ्या होणाऱ्या ल्युकेमियांत अग्रभागी आहे.

अट एकच. तो वेळेवर ओळखला गेला पाहिजे. या रोगात रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते आणि मेंदूतल्या एका रक्तस्रावात सगळे संपू शकते. एरवी त्याच्या पेशी ओळखणे अवघड नसते: गच्च भरलेले जांभळट कण आणि ऑअर रॉडच्या मोळ्याच्या मोळ्या. पण याच रोगाचे एक दुसरे रूपही आहे. १९८० साली शिकागोच्या गटानेच त्याचे सविस्तर वर्णन केले. त्या पेशींतले कण इतके बारीक असतात, की साध्या सूक्ष्मदर्शकात ते जवळजवळ दिसतच नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ते दाखवले. केंद्रक मध्ये आवळल्यासारखे, दोन पाळ्यांचे असते. नेहमीच्या रूपात पांढऱ्या पेशी बहुधा कमी असतात, या रूपात त्या पुष्कळदा खूप वाढलेल्या असतात. घाईत पाहणाऱ्याला ही स्लाइड मोनोसाइट कुळातल्या ल्युकेमियाची वाटते, आणि असे वाटणे स्वाभाविकही आहे. तसे निदान झाले तर रुग्णाला एट्राविना नेहमीची केमोथेरपी सुरू होईल. फुटणाऱ्या पेशी रक्त गोठण्याचा गोंधळ आणखी वाढवतील, आणि ज्याला वाचवणे शक्य होते तो रुग्ण हातचा जाईल.

यातून वाट काढायला स्लाइडच्या बाहेर पाहावे लागते. रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन घसरले आहे का? मायलोपेरॉक्सिडेजचा रंग पेशींत गडद भरला आहे का? मोनोसाइट कुळात तो फिका असतो किंवा नसतोच. फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे पेशींवरची प्रथिने मोजणाऱ्या चाचणीत, एचएलए-डीआर नावाचे प्रथिन गैरहजर आहे का? आणि शेवटी, फिश किंवा पीसीआर या जनुक चाचणीत त्या दोन गुणसूत्रांचे जोडजनुक सापडते का? यातली शेवटची चाचणी निर्णायक, पण तिच्यासाठी थांबून राहायचे नसते. नुसता संशय आला तरी एट्रा लगेच सुरू करावे, असे आजचे शास्त्र सांगते. म्हणजे खात्री जनुकाने दिली, तरी संशय घेण्याचे काम डोळ्यालाच करावे लागते. रूपाची खरी जागा इथे आहे: ते योग्य प्रश्न योग्य वेळी उभा करते.

उलट दिशेची फसगतही तितकीच गंभीर आहे. कर्करोग नसताना कर्करोग दिसतो, आणि याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या मातीतले आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या मार्माइटने, त्या बायका बऱ्या होतात हे त्यांनी १९३१ साली मांडले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. फोलेट किंवा बी१२ कमी पडले की अस्थिमज्जेतल्या पेशींचे केंद्रक मागे पडते, पेशी मात्र वाढत राहते. मज्जा अशा बेढब, कोवळ्या दिसणाऱ्या, गडद निळ्या पेशींनी भरून जाते. रक्तात तिन्ही प्रकारच्या पेशी घटतात आणि एलडीएच खूप वाढते. अशा मज्जेकडे पाहून एरिथ्रॉइड ल्युकेमियाची किंवा मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमची शंका येणे अगदी सहज शक्य आहे.

महाराष्ट्रात ही शंका पुन्हा पुन्हा येणार. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे परिसरातल्या गावांतल्या, झोपडपट्टीतल्या आणि मध्यमवर्गीय वस्तीतल्या मिळून ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यात ६७ टक्के पुरुषांचे बी१२ कमी होते. सगळ्यांना रक्तक्षय होता असे नाही. पण जिथे ही उणीव इतकी सर्वदूर आहे, तिथे बी१२ न मोजता केवळ मज्जेच्या रूपावरून एखाद्याला ‘रक्ताचा कर्करोग’ सांगणे अक्षम्य आहे. काही रुपयांचे इंजेक्शन ज्याला बरे करते, त्याच्यावर त्या शब्दाचा आघात होता कामा नये. उलटही खरे. बी१२ कमी निघाले म्हणून तपास संपला असेही मानू नये. ज्या समाजात ही उणीव घरोघरी आहे, तिथे कर्करोग झालेल्या माणसातही ती असणारच. उपचारानंतर रक्त अपेक्षेप्रमाणे सुधारले नाही, तर पुन्हा मज्जेकडे वळायलाच हवे.

पावसाळ्यातला डेंग्यू असाच पेच टाकतो. ताप, घसरलेल्या प्लेटलेट आणि रक्तात मोठाल्या, निळसर, विचित्र लिम्फोसाइट. यंत्राने काढलेल्या सीबीसीवर ‘ब्लास्ट असू शकतात’ असा इशारा उमटतो. ताप आणि कमी प्लेटलेट हीच तीव्र ल्युकेमियाचीही सुरुवात असते. विषाणूला तोंड देणाऱ्या पेशी कर्कपेशींसारख्या दिसतात हे वैद्यकाला जुनेच ठाऊक आहे. १९२० साली जॉन्स हॉपकिन्सच्या स्प्रंट आणि इव्हान्स यांनी ‘इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस’ हे नाव दिले, ते ज्यांचे रक्त ल्युकेमियासारखे दिसत होते आणि जे आपोआप बरे झाले अशा तरुण रुग्णांवरून. अनुभवी डोळा इथे एक गोष्ट हेरतो. संसर्गात पेशी नाना रूपांच्या असतात, कर्करोगात त्या बहुधा एकसारख्या असतात. पण ‘बहुधा’ या शब्दावर केमोथेरपी सुरू करता येत नाही, आणि त्याच शब्दावर एखाद्या मुलाला डेंग्यू म्हणून घरीही पाठवता येत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. निरोगी मज्जेत बी-लिम्फोसाइटच्या कोवळ्या पूर्वजपेशी असतात. त्यांना हिमॅटोगोन म्हणतात. केमोथेरपी संपवून मज्जा सावरू लागली, की त्या मोठ्या संख्येने उगवतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या ल्युकेमियाच्या लिम्फोब्लास्टसारख्याच दिसतात. आईबाप सुटकेचा श्वास घेत असताना रोग उलटला आहे असे सांगण्याची पाळी इथे येऊ शकते, आणि ते खोटे असू शकते. फ्लो सायटोमेट्री हा गुंता सोडवते. या तंत्रात पेशी एकामागून एक लेझरच्या झोतातून जातात आणि त्यांच्यावरच्या प्रथिनांना चिकटलेली चमकदार प्रतिपिंडे मोजली जातात. हिमॅटोगोन वाढीच्या सगळ्या पायऱ्यांवर क्रमाने पसरलेले दिसतात. कर्कपेशी एखाद्याच पायरीवर, तेही विकृत नक्षीने, साचून राहतात.

रोग गेला की नाही, या प्रश्नावरही डोळा असाच तोकडा पडतो. मज्जेत ब्लास्ट पाच टक्क्यांहून कमी असले की जुन्या व्याख्येप्रमाणे रोग ओसरला. पाच टक्के म्हणजे विसातली एक पेशी. फ्लो सायटोमेट्री दहा हजारांत लपलेली एक कर्कपेशी शोधू शकते. स्लाइड स्वच्छ असतानाही शरीरात अब्जावधी कर्कपेशी उरलेल्या असू शकतात, आणि बालकांच्या ल्युकेमियात पुढचा उपचार किती कडक ठेवायचा हे आज बऱ्याच अंशी या उरलेल्या रोगावरून ठरते.

इथे एक आक्षेप येईल. एवढे सगळे खरे असेल तर सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवून प्रत्येकाची थेट जनुके का तपासू नयेत? याचे उत्तर केवळ खर्चाचे नाही. नव्या चाचण्याही साम्यावर फसतात. एनपीएम१ जनुकातल्या बिघाडामुळे होणाऱ्या एका ल्युकेमियात केंद्रकाला वाटीसारखा खोलगट भाग असतो. त्याच्या पेशींवर एचएलए-डीआर आणि सीडी३४ पुष्कळदा नसतात, म्हणजे फ्लोच्या आलेखात तो प्रोमायलोसायटिक ल्युकेमियासारखा दिसू शकतो. तिथे ती वाटी ओळखणारा डोळाच सावध करतो. फिश चाचणी जे विचारले त्याचेच उत्तर देते. न विचारलेला बिघाड तिला दिसत नाही. सुई टोचताना मज्जेत रक्त मिसळले, तर सगळ्या यंत्रांना पातळ नमुनाच मिळतो, आणि तो पातळ आहे हे स्लाइड पाहणाऱ्यालाच आधी कळते. जनुकातला बिघाड म्हणजे कर्करोग, असेही नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांत सत्तरीच्या आसपासच्या सुमारे दहा टक्के लोकांच्या रक्तात ल्युकेमियाशी संबंधित जनुकबदल सापडले. त्यातल्या बहुतेकांना ल्युकेमिया नव्हता. केवळ जनुकावर विसंबणारा डॉक्टर या निरोगी माणसांना रोगी ठरवील.

आकड्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांनीही जपून राहावे. एफएबीच्या काळात तीव्र मायलॉइड ल्युकेमिया म्हणण्यासाठी मज्जेत ३० टक्के ब्लास्ट लागत. २००१ मध्ये ही मर्यादा २० वर आली. आता १०० पेशी मोजून २० ब्लास्ट मिळाले, तर निव्वळ संख्याशास्त्रानुसार खरे प्रमाण १३ ते २९ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. ५०० पेशी मोजल्या तरी १७ ते २४. ब्लास्ट कोणाला म्हणायचे याबद्दल तज्ज्ञांत होणारा मतभेद यात धरलेलाच नाही. २०२२ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय गटांनी नवी वर्गीकरणे दिली. एनपीएम१ असलेल्या ल्युकेमियासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने ब्लास्टच्या टक्केवारीची अट काढून टाकली. दुसऱ्या गटाने १० टक्क्यांची अट ठेवली. रेषा निसर्गाने आखलेली नाही, ती आपण आखतो. १९ आणि २१ यांच्यामधल्या रुग्णाकडे पाहताना याचे भान सुटता कामा नये.

म्हणून कोणत्याही एका साक्षीदाराला न्यायाधीश करू नये. रूप, प्रथिने, गुणसूत्रे, जनुके आणि रुग्णाची हकिकत या सगळ्यांचे जबाब शेजारी शेजारी मांडावेत. ते जुळले तर उत्तम. जुळले नाहीत, तर बहुमताने निकाल लावू नये. का जुळत नाहीत हे शोधावे. नमुना बदलला का? रंग नीट बसला नाही का? रुग्णाला आधी काही औषध दिले का? की आपल्यासमोर एखादा विरळा रोग उभा आहे? निदानाची सर्वांत मोलाची घटका हीच असते, आणि कामाच्या रेट्यात सर्वांत आधी बळी जातो तोही हिचाच.

यातल्या पुष्कळ गोष्टी महागड्या यंत्रांशिवाय सुधारता येतील. कारण कळलेले नसताना घटलेल्या रक्तपेशींवर स्टिरॉइड देऊ नये. लिम्फोब्लास्ट त्याने विरघळतात आणि खरा रोग काही काळ झाकला जातो. बी१२ चे इंजेक्शन नमुना घेण्याआधी देऊ नये; मज्जेतले वैशिष्ट्यपूर्ण बदल एक-दोन दिवसांत ओसरू लागतात. नमुन्यासोबतच्या कागदावर वय, ताप, वाढलेल्या गाठी, चालू असलेली औषधे आणि आधीचे अहवाल लिहावेत. ‘कृपया तपासावे’ एवढ्यावर पाठवलेली स्लाइड पाहणाऱ्याला निम्मे आंधळे करते. शंका असलेली स्लाइड मोठ्या केंद्राकडे पाठवण्यात कमीपणा मानू नये. मुंबईचे टाटा मेमोरियल आणि खारघरचे अॅक्ट्रेक यांसारखी केंद्रे आहेत. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेपासून तिथपर्यंत नमुना वेळेत आणि नीट पोहोचण्याची खात्रीची सोय सरकारने उभारली पाहिजे. उपचाराला पैसे देणाऱ्या योजनांनी फ्लो आणि जनुक चाचण्यांनाही पैसे दिले पाहिजेत, कारण चुकीच्या रोगावर केलेला उपचार कितीही फुकट असला तरी रुग्णाला परवडत नाही.

पॅथॉलॉजिस्टांना माझी विनंती आहे, की अहवालात निष्कर्षाबरोबर त्याचा आधारही लिहा: केवळ रूपावरून की फ्लोनंतर, आणि कोणती चाचणी अजून बाकी आहे. ‘रूप आणि फ्लो जुळत नाहीत’ हे वाक्य लिहायला संकोचू नका. त्या वाक्याने एखाद्याचा जीव वाचतो. आणि वाचकहो, तुमच्या घरी कधी असा अहवाल आलाच, तर घाबरून जाण्याआधी आणि होकार देण्याआधी डॉक्टरांना एवढेच विचारा: हे निदान कशाच्या आधारावर केले आहे, आणि त्याच्या विरोधात जाणारे काही सापडले आहे का? चांगल्या डॉक्टराला या प्रश्नाचा राग येत नाही.